मागच्या चाकांच्या स्प्रिंगा

गेला ते साल धरून मोजलेलं कुनिहिकोचं सातवं वर्षश्राद्ध शनिवारी आणि त्याच्या मुलीची पहिली शर्यत लगेच रविवारी, हा बेत तेइजीबाबांचाच. चिगुसाने एकदा विरोध करून पाहिला होता. तेव्हा सासरे तिच्याकडे न पाहताच म्हणाले होते, बापाला हात जोडून पोरगी गाडीत बसली तर त्यात वावगं काय. काशिमुरांच्या घरात सासऱ्यांनी न पाहता सांगितलेली गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चिगुसा या घरात सून होऊन आली त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि नवरा कुनिहिको गेल्यावरही ती इथेच राहिली होती. रेघा तिच्या पाठ झाल्या होत्या.

देवळातलं उरकलं, मागवलेले जेवणाचे डबे रिकामे झाले आणि दुपारी पाहुणे पांगायला लागले. नोव्हेंबरचा बारीक, चिवट पाऊस सकाळपासून पडत होता. दारात बूट चढवता चढवता तेइजीबाबांची बहीण सवयीप्रमाणे म्हणालीच, बिचाऱ्याने पाय उचलला नसता तर आज आपल्यात असता. चिगुसाने वाकून निरोप दिला आणि तिच्या हातात छत्री ठेवली.

पाय उचलला. सहा वर्षं हे घर या दोन शब्दांवर उभं होतं. पावसात भर वळणावर कुनिहिको घाबरला, ॲक्सिलरेटरवरचा पाय त्याने एकदम उचलला, गाडीचं शेपूट फिरलं आणि ती आडवी भिंतीवर आदळली. पहिलीच फेरी होती. पोलिसांना हेच सांगितलं गेलं, गावालाही हेच. नागिसा तेव्हा चौदा वर्षांची होती. बाबा कसे गेले, असं तिने विचारलं तेव्हा चिगुसानेही तिला हेच सांगितलं होतं.

सासूबाई सादाए आत भांडी आवरत होत्या. चिगुसा काळ्या कपड्यांतच मागच्या गॅरेजकडे गेली. तिथे काय चाललंय ते तिला ठाऊक होतं आणि आज तिला तिथे असायचंच होतं.

नागिसाची छोटी पांढरी गाडी लिफ्टवर होती, चारही चाकं उतरवलेली. धाकटा दीर योशितो पांढऱ्या शर्टावर डांगरी चढवून खाली उभा होता. नागिसाने श्राद्धाचा काळा झगा डांगरीत कोंबला होता. तेइजीबाबा मात्र कोटाटायसकट खुर्चीत, गुडघ्यांमध्ये काठी धरून. समोरच्या बाकावर स्प्रिंगांच्या दोन जोड्या होत्या, सगळ्या एकाच गडद हिरव्या रंगाच्या.

हा रंग काशिमुरांची खूण. नवी स्प्रिंग घरात आली की तेइजीबाबा तिच्यावर छापलेल्या आकड्यासकट तिला दोन जाड थर देत, म्हणजे ट्रॅकवर शेजारच्यांना कितीची स्प्रिंग आहे ते वाचता येऊ नये. कोणती चौदाची कडक आणि कोणती दहाची मऊ, ते घरच्या माणसाने बोटांनी ओळखायचं. याचा त्यांना कोण अभिमान. एकेकाळी त्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या हौशी चालकांना पाणी पाजलं होतं, तेव्हापासूनची ही पद्धत.

आणि दुसरी पद्धत म्हणजे मागे कडक. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वळायला कुरकुरते, तिचं नाक बाहेर पळतं. मागे कडक स्प्रिंगा घातल्या की शेपूट थोडं सरकतं आणि नाक मुकाट आत येतं. अट एकच, वळणात पाय दाबून ठेवायचा. उचलला की वजन पुढे पडतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट नाकाच्या पुढे जातं. ओल्या रस्त्यावर तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पाऊस आला की बाकीचे लोक अदलाबदल करतात, कडक पुढे आणि मऊ मागे. चारही स्प्रिंगा मापाला सारख्या, त्यामुळे ते तसं फार मोठं काम नाही. पण तेइजीबाबांच्या लेखी ते भित्र्यांचं काम. ऊन असो की पाऊस, काशिमुरांची गाडी मागे कडकच.

"उद्या दिवसभर पाऊस आहे, बाबा," योशितो म्हणत होता. "पोरीची पहिली शर्यत. मऊ मागे टाकू या."

"टाक की. तुझी गाडी घे आणि टाक. वर एक उशी पण ठेव."

"काका, मी कडकवरच शिकलेय," नागिसा म्हणाली. "आजोबांचं बरोबर आहे. पाय उचलला नाही की काही होत नाही."

हे ती अगदी सहज म्हणाली. मुलगी आजोबांच्या बाजूची होती. दोन वर्षं ते तिच्या शेजारच्या सीटवर बसून तिला शिकवत होते आणि ती त्यांच्या शब्दापलीकडे जात नव्हती. योशितो बापापुढे फार वेळ टिकायचा नाही, हेही चिगुसाला माहीत होतं. तो दोनदा बोलायचा आणि तिसऱ्या वेळी पाना उचलायचा. आत्ताही त्याचा हात कडक जोडीकडे निघालाच होता.

"थांब जरा," चिगुसा म्हणाली. मग ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, त्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. आदल्या रात्री जेवताना. ज्याला मागे मऊ हवंय त्याने घरी बसावं, म्हणालात. कुनिहिकोने वाटीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही."

"आज हे बोलायचा दिवस आहे का?"

"आजच आहे. त्याने पाय उचलला असेल. पण मागे मऊ असत्या तर पाय उचलून माणूस मरत नाही. तुमच्या कडक स्प्रिंगांनी माझा नवरा गेला. आता त्याच तुम्ही माझ्या मुलीला घालताय."

सहा वर्षं ती हे मनात घोकत होती. सासऱ्यांना चहा देताना आणि त्यांचे सदरे वाळत घालताना मनात हेच असायचं. आज ते बाहेर पडलं तेव्हा आवाज चढलासुद्धा नाही. तेइजीबाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि लिफ्टच्या खांबाकडे पाहिलं.

"कडक नव्हत्या," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही.

"त्या दिवशी मागे कडक नव्हत्या. मी बदलल्या होत्या."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, कोणाकडेही न बघता. त्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला आणि त्यांचा डोळा लागेना. जेवताना बोलून गेले होते खरे, पण पोटचा पोर होता. पहाटे उठून इथेच त्यांनी स्प्रिंगांची अदलाबदल केली आणि काही झालंच नाही अशा तोंडाने गाडी ट्रकवर चढवली. सांगितलं कोणालाच नाही. सगळ्यांदेखत एक बोलायचं आणि सकाळी माघार घ्यायची, हे त्यांच्याच्याने झालं नसतं. गाडी नीट आहे ना, मग बोलायचं कशाला, असा त्यांचा हिशेब.

"मऊ मागे असूनही तो गेला," ते म्हणाले. "म्हणजे दोष पायाचा. म्हणून हिला मी पायच शिकवला. स्प्रिंग कुठलीही असो, पाय खाली राहिला पाहिजे."

ज्या गोष्टीसाठी तिने या म्हाताऱ्याचा इतकी वर्षं राग केला ती त्याने केलीच नव्हती. तिला एकदम थकवा आला आणि त्याबरोबर सासऱ्यांची थोडी कीवही आली. तेवढ्यात योशितोच्या हातातला पाना फरशीवर पडला.

"घरी बदलल्यात?" त्याने विचारलं. "निघायच्या आधी?"

"मग काय वाटेत बदलणार?"

योशितो तिथल्याच एका टायरवर बसला.

"मीही बदलल्या, बाबा. ट्रॅकवर. तुम्ही नाव नोंदवायला रांगेत होतात तेव्हा."

पाऊस थोडा जोरात यायला लागला होता. दोनदा अदलाबदल झाली, म्हणजे कडक स्प्रिंगा परत मागेच गेल्या होत्या.

"बोटांना कळलं नाही तुला?" तेइजीबाबांनी विचारलं.

"हात गारठले होते. घाई होती, तुम्ही परत यायच्या आत उरकायचं होतं. आणि सगळ्या हिरव्या." योशितोने तोंडावरून हात फिरवला. "तुम्ही बदलल्या असतील असं माझ्या मनात तरी कसं यावं? तुम्ही नाही म्हणाला होतात ना. मी तुमच्या चोरून केलं. म्हणून नंतरही बोललो नाही. वाटायचं, मी तर त्याला मऊ लावून दिल्या होत्या, आपल्याकडून काही राहिलं नाही."

"कुनिहिकोला माहीत होतं?" चिगुसाने विचारलं.

"हो, वहिनी. हेल्मेट घालताना दादाने विचारलं, झालं का. मी म्हटलं, झालं. मागे मऊ आहेत, पावसात बिनधास्त पाय उचल."

इतकं बोलून त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.

मागे पावलं वाजली. सादाए चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, बहुधा बराच वेळ. चिगुसाने त्यांच्याकडे पाहिलं. नवरा खुर्चीत कोसळल्यासारखा बसला होता, मुलगा टायरवर डोकं धरून होता आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर आश्चर्य कसलंच नव्हतं. होती ती फक्त भीती, आणि ती जुनी दिसत होती.

"आई," चिगुसा म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

सादाएंनी ट्रे बाकावर ठेवला.

"पहाटे यांना उजेडासाठी बॅटरी मीच धरली होती," त्या म्हणाल्या. "आणि ट्रॅकवर याला गाडीखाली पाहिलं. वाटलं, दुसरं काही काम असेल. इस्पितळात बाकावर बसल्यावर सगळं लक्षात आलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"कुनिहिको गेला होता गं. यांना सांगितलं असतं तर यांनी स्वतःला काही करून घेतलं असतं. याला सांगितलं असतं तर यानेही. माझ्याकडे दोघं उरले होते. मला दोघंही हवे होते."

"आणि दोष कुनिहिकोवर टाकलात."

"त्याला आता काही लागणार नव्हतं."

"मला लागत होतं. नागिसाला लागत होतं."

सादाए ट्रेवरचे कप सरळ करू लागल्या. रोज सकाळी कुनिहिकोच्या तसबिरीपुढे भाताची वाटी ठेवायला दोघी बरोबर बसत. सासूबाई नेहमी थोडा जास्त वेळ हात जोडून राहायच्या. चिगुसाला वाटायचं, आईचं मन. आता तिला कळलं की रोज त्या मुलाकडून आणखी एका दिवसाची मुदत मागत होत्या. तिला त्यांचा संताप आला. आणि त्याच वेळी, आपल्याला दोन मुलं असती आणि एक उरलं असतं तर आपण काय केलं असतं, हा प्रश्नही आला. तो तिने दाबून टाकला.

"गाडी खाली घे, योशितो," तेइजीबाबा म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "संपलं. या घरातलं कोणी उद्या जाणार नाही."

दोन वर्षं चिगुसा हेच शब्द ऐकायला आसुसली होती. पण नागिसा जागची हलली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "म्हणजे बाबांनी पाय उचलला, ते बरोबर केलं?"

योशितोने मान हलवली. "मागे मऊ असत्या तर तेच करायचं असतं. थोडा पाय उचलायचा, नाक आत येतं. दादाने अगदी बरोबर केलं."

"ते घाबरले नव्हते."

"नाही."

नागिसा आईकडे वळली. "तू म्हणाली होतीस घाबरले म्हणून."

"हो, म्हणाले होते मी."

"तुला खरं वाटायचं?"

खोटं बोलणं सोपं होतं. सगळ्यांच्या तोंडी तेच होतं, मी काय करणार, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. "वाटायचं," चिगुसा म्हणाली. "मनातून रागही यायचा त्याचा, घाबरला म्हणून." हे तिने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या आठवणीपुढे तिला कधी इतकी शरम वाटली नव्हती.

नागिसाने बाकावरच्या स्प्रिंगांकडे पाहिलं.

"मला पाय उचलता येत नाही," ती म्हणाली. "आजोबा गुडघ्यावर काठी ठेवायचे. उचलला की टोचायचे. आता काठी लागत नाही. वळण आलं की पाय आपोआप खाली जातो. तुम्ही मऊ मागे टाकल्यात तर माझं नाक बाहेर जाईल आणि मी दाबतच राहीन. सरळ भिंतीत."

योशितोने वहिनीकडे पाहिलं. पोरगी खरं बोलत होती. तिच्या पायाला आता एकच जोडी चालणार होती, बापाला घेऊन गेलेली. सहा वर्षांचं खोटं स्प्रिंगांत नव्हतं, ते मुलीच्या पायात जाऊन बसलं होतं आणि ते काढायला पाना चालणार नव्हता.

चिगुसाने बाकावरचा कागद कापायचा चाकू उचलला. एक स्प्रिंग मांडीवर घेऊन ती रंग खरवडायला लागली. रंग चिवट होता, पापुद्रे तिच्या काळ्या झग्यावर पडत राहिले. तेइजीबाबांनी तिला अडवलं नाही. खालून पांढरे आकडे दिसले.

"दहा," ती मोठ्याने म्हणाली आणि दुसरी उचलली. तीही खरवडून झाली. "ही पण दहा. योशितो, या मागे टाक. टाकताना म्हण."

"काय म्हणू, वहिनी?"

"कुठे काय टाकतोयस ते. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मागे डावीकडे दहा, योशितो म्हणाला. मागे उजवीकडे दहा. पुढच्या जोडीचा रंग नागिसाने खरवडला आणि आकडे तिनेच वाचले. पुढे चौदा, पुढे चौदा. चहा कोणी घेतला नाही.

गाडी खाली आली, चाकं लागली. तेइजीबाबा काठी टेकत उठले आणि सवयीने डावीकडच्या दारापाशी गेले.

"आजोबा, तुम्ही नको," नागिसा म्हणाली.

ते बाजूला झाले. चिगुसा तिथे बसली.

गावाबाहेर भात जमा करायचं आवार होतं, हंगाम संपल्यावर मोकळं पडलेलं. डांबर ओलं चकचकीत. चिगुसाने कोपऱ्यातले रिकामे प्लास्टिकचे क्रेट ओढून त्यांचं एक वळण मांडलं आणि परत येऊन बसली. नागिसा वेगात आली, चाक फिरवलं, नाक बाहेर निघालं. "उचल," चिगुसा म्हणाली. पाय खालीच. क्रेट बंपरवर आपटून उडाले.

पुन्हा तेच. आणि पुन्हा. दर वेळी चिगुसा उतरून क्रेट मांडायची, दर वेळी पाय दाबलेलाच राहायचा. नागिसाचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि उजवी मांडी लोखंड झाली होती.

"नाही उठत, आई."

"उद्या जायचं नाही," चिगुसा म्हणाली. "आजोबा म्हणाले म्हणून नाही. मी सांगते म्हणून."

नागिसाने वाद घातला नाही. "बरं," ती म्हणाली, आणि मग, "पण आत्ता अजून एकदा. या वेळी तू उतर. शर्यतीत तू कधीच शेजारी असणार नाहीस."

चिगुसा उतरली, क्रेट नीट केले आणि वळणाच्या आतल्या बाजूला वजनकाट्याच्या शेडखाली जाऊन उभी राहिली. श्राद्धाचे कपडे अंगाला चिकटले होते. लांब टोकाला गाडी वळली, दिवे तिच्याकडे आले आणि इंजिनाचा आवाज चढत गेला. त्या दिवशी ट्रॅकच्या कुंपणाशी उभी असताना तिने कुनिहिकोच्या गाडीचा आवाज असाच चढताना ऐकला होता. मग तो एकाएकी खाली आला होता, आणि ते तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ती नवऱ्याच्या भीतीची खूण होती. आता ती कान देऊन त्याच आवाजाची वाट पाहत होती.

गाडी वळणात शिरली. नाक बाहेर जायला लागलं. आवाज चढलेलाच होता, क्रेट जवळ येत होते, आणि चिगुसा ओरडली नाही.

आवाज खाली आला. नाक आत वळलं, शेपूट किंचित सरकलं आणि तिथेच थांबलं. गाडी क्रेटना न शिवता पुढे गेली आणि आवाराच्या टोकाला उभी राहिली. दार उघडलं नाही. वायपर फिरत होते, आत नागिसा चाकावर डोकं टेकून रडत होती, आणि चिगुसा पावसातून तिच्याकडे चालत निघाली.